झाकणावरची खळी

"रविवारी ही उघडायची," अप्पा म्हणाले आणि देवघरामागच्या कोनाड्यातून काढलेली बाटली त्यांनी ओट्यावर माझ्यासमोर ठेवली. "पहिला चमचा स्वामींच्या ताटात. मग सगळ्यांना थोडी थोडी. तुझ्या आईची शेवटची आहे. वर्षभर जपलीय मी, कुणाला बोट लावू दिलं न्हाई."

मी नांदेडहून नुकतीच आले होते. पिशवी अजून खांद्यावरच होती. रविवारी आईचं वर्षाचं पुण्यस्मरण होतं, पंगतीला आमचे गुरू महारुद्र स्वामी येणार होते, आणि आज गुरुवार.

बाटली मी खिडकीशी उजेडात धरली. चिंचेनं घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा रंग, आणि पलीकडचं माझं बोट दिसावं इतकी नितळ. कागदाच्या चिठ्ठीवर आईचं उभट अक्षर होतं: 'जाम जेली, १४ डिसेंबर'. आमच्या भागात पेरूला जाम म्हणतात. ती चिठ्ठी वाचून परगावचे पाहुणे हटकून विचारत, जाम आहे का जेली, आणि आई दर वेळी तितक्याच शांतपणे समजावून सांगायची.

बोलता बोलता मी झाकणावर अंगठा फिरवला. लहानपणापासूनची सवय. झाकण सपाट होतं. जरा दाबलं तर ते खाली गेलं आणि अंगठा काढताच टिक् करून वर आलं.

"काय पाहायलीस?"

"काही नाही. घट्ट आहे."

"असंलच की. मी माझ्या हातानं लावलंय."

मी बाटली परत त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती धोतराच्या सोग्यानं पुसली आणि कोनाड्यात ठेवून दिली. मी हातपाय धुवायला मागे गेले.

जेली गरम भरून झाकण लावलं की आतली हवा निवताना आवळते आणि झाकणाचा मध्यभाग आत ओढून घेते. त्यावर खळी पडते. खळी असली म्हणजे बाटली बसली. नसली तर झाकण कितीही पिळून लावलेलं असो, बाटली उघडीच. हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं. आणि दुसरी गोष्ट, जी आई क्वचितच मोठ्यानं बोलायची, कारण तिला ती बोलायची गरज पडत नसे: ज्याची खात्री न्हाई, ते कुणाच्या ताटात न्हाई.

आई, म्हणजे मल्लम्मा, लग्न होऊन वालूरला आली तेव्हा घराच्या मागे जामची दोन झाडं होती. बाजारपेठेत अप्पांचं भांड्यांचं छोटं दुकान. हिवाळ्यात झाडाखाली फळांचा सडा पडायचा, निम्मी पाखरं खायची, निम्मी सडायची. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी परभणीला फळं टिकवण्याचा दहा दिवसांचा वर्ग निघाल्याचं तिनं ऐकलं. सासऱ्यांना विचारलं, ते काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं हाच तिनं होकार समजला आणि दहा दिवस एसटीनं सेलू, तिथून रेल्वेनं परभणी, असं जाऊन आली. येताना तिच्याकडे एक वही होती आणि बाटल्या उचलायचा एक चिमटा. पुढची चौतीस वर्षं दर हिवाळ्यात तिनं जेली केली. विकली कधीच नाही.

गावाला तो पदार्थ ठाऊक नव्हता. आमच्या मागच्या बाजूला राहणारी केवळाबाई, तिच्याकडे शेळ्या-मेंढ्या आहेत, आईला कामात मदत करायची. तिनं पहिल्यांदा बशीत हलणारी जेली पाहिली आणि दोन पावलं मागं सरली. "अगं माय! जित्तं हाय का काय ते? थरथर कापायलंय की!"

"खाऊन तर बघ, केवळे."

"आधी त्येला म्हणावं गप बस. मंग खाते."

तेव्हापासून आमच्या गल्लीत जेलीचं नाव 'कापरी' पडलं. आजही केवळाबाईची नात 'कापरी हाय का' असंच विचारते.

आईचा हात घाईचा नव्हता. तीन वाटे पिकलेली फळं, एक वाटा जरा कच्ची. कच्च्यानं जेली धरते, पिकल्यानं वास येतो. सालीबियांसकट चकत्या, बुडतील इतकंच पाणी, लिंबाचा रस. फळ मऊ झालं की सगळं मलमलच्या कापडात बांधून छताच्या कडीला टांगायचं, खाली पितळी पातेलं. मग ते थेंबथेंब गळत राहायचं, दुसऱ्या दिवसापर्यंत. मला त्या गाठोड्याला हात लावायचा मोह व्हायचा. एकदा मी ते पिळलंही. आई रागावली नाही. तिनं दोन वाट्यांमध्ये रस घेतला, एकीत आपोआप गळलेला, एकीत मी पिळलेला, आणि दोन्ही खिडकीत ठेवले. एक नितळ, दुसरा गढूळ. "ज्याला घाई हाय, त्यानं लोणचं घालावं," एवढंच म्हणाली.

मी पाचवीत असतानाची गोष्ट मात्र तिच्या मनाला लागून राहिली. वर्गात शिकवलं होतं ते बाटलीत जेली भरून वर वितळलेलं मेण ओतायचं. ती तसंच करायची. त्या वर्षी बन्सीधर गुरुजींच्या घरच्या बाटलीत मेणाच्या खाली बुरशी निघाली. गुरुजींनी ती खरवडून टाकली, उरलेली जेली पोळीला लावून खाल्ली आणि शाळेतून येताना आईला सहज सांगितलं, "काकू, वरवर थोडं आलं होतं, काढलं, आत झकास होती."

आईचा चेहरा उतरला. तिनं डोक्यावर पदर घेतला, मला बरोबर घेतलं आणि दिलेल्या एकोणीस बाटल्या परत मागायला निघाली. घरोघर. दारात उभी राहून एकच वाक्य: "माझी चूक झालीय, ती बाटली द्या." कुणी हसलं, कुणी म्हणालं आमचं संपलं. चतुराबाई म्हणून एक होती, तिनं बाटली आणून दिली आणि उंबऱ्यातून ऐकवलं, "दिल्यालं परत नेणारी बाई आज पयल्यांदाच बगायले मी. नसंल पुरत तर द्यावं कामून?"

आई पुढच्या घराकडे वळली. पिशवी जड झाली तशी तिनं ती एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. घरी येऊन सगळ्या बाटल्या मागच्या परसात रिकाम्या केल्या. त्या रात्री ती जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी परभणीच्या बाईंना पत्र लिहिलं. महिन्यानं उत्तर आलं. मेण निवताना आक्रसतं, कडेला केसाएवढी फट राहते, ती डोळ्याला दिसत नाही. मेणाचं आता कुणी शिकवत नाही. आतून रबराची कड असलेली पत्र्याची झाकणं घ्या, दर वेळी नवी. बाटल्या दहा मिनिटं उकळा. जेली कडकडीत असताना भरा, वर नखभर जागा सोडा, काठ उकळलेल्या फडक्यानं पुसा. झाकण लावून बाटल्या पाण्यात उभ्या करा, पाणी झाकणाच्या वर दोन बोटं, पुन्हा दहा मिनिटं उकळी. मग चिमट्यानं काढून कापडावर ठेवा आणि एक दिवस हात लावू नका.

ते पत्र तिनं वहीत चिकटवलं. एकोणीस घरांना पुढच्या हिवाळ्यात पुन्हा बाटल्या गेल्या. चतुराबाईला आधी.

तेव्हापासून आमच्या घरात तो आवाज आला. जेली भरून झाली की आई भांडी घासायची थांबायची. आम्ही दोघी जमिनीवर बसायचो. टक. मग बराच वेळ काही नाही. टक. टक. एकेक झाकण आत जायचं. आई बोटं मोडून मोजायची. एखादी बाटली काही केल्या बसायची नाही. ती वाटायची नाही, साठवायची नाही, लगेच खायची. ती घरची. मी डोळे मिटून मनात म्हणायची, एक तरी बसू नको. देवाकडे मी लहानपणी नियमानं मागितलेली तेवढी एकच गोष्ट.

शेवटच्या हिवाळ्यात तिच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. आठवड्यातून दोनदा परभणीला दवाखान्यात न्यावं लागे. गोड तर तिनं दहा वर्षांपूर्वीच सोडलं होतं. जेली ती फक्त डोळ्यांनी आणि नाकानं ओळखायची. त्या वर्षी ती स्वयंपाकघराच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि अप्पा, ज्यांनी जन्मभर भांडी विकली पण चुलीवर कधी ठेवली नव्हती, ते तिच्या सांगण्यावरून पळी हलवत राहिले. हे मला फोनवर कळलं. मी ज्या कॉलेजात ग्रंथपाल आहे, तिथं तेव्हा तपासणी चालू होती. मी रविवारी येते म्हणाले, आणि आले तेव्हा बाटल्या वाटून झाल्या होत्या. महिन्याभरानं ती गेली.

हे सगळं आठवत मी परसातून आत आले. अप्पा खुर्चीवर बसून रविवारच्या पाहुण्यांची यादी करत होते. मी शक्य तितक्या सहज विचारलं, "अप्पा, त्या बाटल्या तेव्हा बसल्या होत्या का सगळ्या?"

"बाराच्या बारा! तुझी आई मोजायली होती. मला मनली, पहिल्याच झटक्याला बारा, मला कव्हा जमलं न्हाई." ते हसले. मग यादीवरून मान वर न करता म्हणाले, "पर एक घोळ झाला होता. तिला सांगितला न्हाई मी."

"कसला?"

"नैवेद्य ऱ्हायला ना. पातेल्यातला पहिला चमचा ती मला द्यायची, मी लिंगाला दाखवायचो, मग भरायची. त्या दिवशी तिला औषधानं गुंगी आली अन् मी एकटाच हातघाईला. सकाळी पूजेला बसलो तव्हा ध्यानात आलं. न दाखवलेलं अन्न लोकाच्या घरी कसं धाडायचं? मग ती झोपली होती तव्हा एकेक बाटली उघडली. बारातून बारा चमचे काढले, दाखवले, अन् परत घट्ट लावल्या. एकीतलं दाखवून भागलं असतं मनतील लोक. पर बारा भांडे मनजे बारा नैवेद्य. कसं?"

त्यांच्या गळ्यातलं लिंग सदऱ्याखाली होतं, त्यावर त्यांनी सवयीनं हात ठेवला होता. आयुष्यात कधी तराजूत बोट न ठेवलेला माणूस. चेहऱ्यावर शाळेतल्या मुलासारखं समाधान.

"बरोबर केलंत," मी म्हणाले. मग उठून आईची वही शोधायला गेले.

वही डाळीच्या डब्यामागे होती, नेहमीच्या जागी. शेवटच्या पानावर अक्षर थरथरलं होतं, पण ओळी सरळ होत्या.

'१४ डिसेंबर. जाम सहा किलो. ह्यांनी केली. पळीवरून थेंब जुळून चादर पडते ती खूण न सांगता ओळखली. संध्याकाळी १२ बसल्या.'

'१५ डिसेंबर. दुपारी बघितलं, एकीलाही खळी नाही. आत चमच्याच्या खुणा. नैवेद्य दाखवलेला दिसतो. ह्यांना सांगू नये.'

'१९ डिसेंबर. ११ वाटल्या. आठ दिवसांत संपवा म्हणून सांगितलं. १ सापडत नाही. ह्यांना विचारता येत नाही.'

त्यानंतर वहीत काही नव्हतं.

मी मागच्या दारातून केवळाबाईला हाक मारली. ती शेळीला पाला टाकत होती. विचारल्यावर म्हणाली, "व्हय की. चार दिसांत समद्या वाटून टाकल्या काकूनं. चालवंना, तरी खुडचीत बसून एकेकाला बलवायली. मला मनल्या, केवळे, हिला ठिवायचं न्हाई बग, आठ दिसांत खाऊन टाक. मी मनलं, आठ दिस? आमच्या घरात आठ तासबी ऱ्हात न्हाई कापरी." मग तिनं आवाज खाली केला. "बारावी म्हाताऱ्यानं दडवली, न्हाई का? काकू लय हुडकत हुत्या. धान्याच्या कोठीतबी बगितलं मी, त्यांच्या सांगण्यानं."

म्हणजे ती शोधत होती. आणि सापडली असती तर गुपचूप परसात रिकामी करून, बाटली धुऊन, अप्पांना काहीतरी भलतंच कारण सांगून मोकळी झाली असती. ते राहिलं होतं. माझ्यासाठी राहिलं होतं.

चहाच्या वेळी मी विषय काढला. महारुद्र स्वामी ऐंशीच्या पुढचे आहेत, पंगतीला लहान मुलं असतील, हे सगळं मनात होतं. तोंडावर मी दुसरं आणलं. तेही खोटं नव्हतं. "अप्पा, आईचा नियम होता. जामचा पुढचा हंगाम आला की मागची बाटली पाहुण्यांना द्यायची नाही. तेरा महिने झाले. झाडाला जाम आहेत. नवी करू."

त्यांनी कप बशीत जरा जोरातच ठेवला. "नवी तिच्या हातची कशी होईल?"

"मागची तरी कुठं तिच्या हातची होती? तुमच्या हातची होती."

"ती समोर होती तव्हा." ते उठले. "तुला करायची तर कर. लय पुस्तकं वाचतीस, नियम सांग मला. पर स्वामींच्या ताटात हीच जाणार. ही तिची शेवटचीच मनून तव्हाच बाजूला काढली, अन् ती गेली त्या दिवसापासून ठरवलंय मी. तिच्यासाठी एवढंच एक धड केलंय आयुष्यात."

चप्पल पायात सरकवून ते दुकानाकडे गेले. दुकान आता भाड्यानं दिलंय, तरी राग आला की ते तिथंच जाऊन बसतात.

मी आणि केवळाबाईनं जाम उतरवले. ती बांबूनं फांदी हलवायची आणि मी ओढणीत झेलायची. "तीन वाटे पिकले, एक वाटा कच्चे," मी म्हणाले, तर ती म्हणाली, "मला सांगती व्हय? तुजा जलम व्हायच्या आदीपासून येचते मी हे." तिन्हीसांजेला गाठोडं कडीला टांगलं. अप्पा आले, त्याखालून वाकून गेले, वर पाहिलं नाही. थेंबांचा आवाज मात्र घरभर होता.

शुक्रवारी सकाळी मी रस मोजला, चार वाट्यांना तीन वाट्या साखर घातली आणि पातेलं चढवलं. बाटल्या दुसऱ्या पातेल्यात उकळत होत्या. नवी झाकणं गरम पाण्यात. वही उघडून समोर ठेवली होती. फेस आला, तो काढला. रस आटायला लागला. मी पळी उचलून बघत होते: थेंब सुटे पडत होते. पुन्हा पाहिलं, सुटेच. मग एकदा मला वाटलं, दोन थेंब जुळले. मी गॅसच्या बटणाकडे हात नेला.

"आज्जून न्हाई."

अप्पा दारात उभे होते, आई खुर्ची टाकून बसायची त्याच जागी. खुर्ची अजून तिथंच होती, पण ते बसले नाहीत.

"आवाज आईक," ते म्हणाले. "बुडबुडे आज्जून पाण्याचे आहेत. जड झाले की मातीच्या मडक्यातून पाणी निघाल्यासारखं वाजतं. ती मनली होती."

वहीत हे कुठंच नव्हतं. मी बाजूला सरले. त्यांनी बाह्या दुमडल्या, हात धुतले, पळी घेतली. दोन मिनिटं, तीन. मग खरंच आवाज बदलला, जड झाला. त्यांनी पळी आडवी धरली. कडेला दोन थेंब लोंबले, एकमेकांकडे सरकले, एक झाले आणि चादरीसारखे मिळून खाली पडले.

"आता."

मी गॅस बंद केला, बाटली घेतली, आणि भरायच्या आधी थांबले. कोरडा चमचा त्यांच्यापुढे धरला. "पहिला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चमच्यात जेली घेतली, फुंकर मारली नाही, निवेपर्यंत तशीच धरून उभे राहिले. मग सदऱ्यातून लिंग काढून तळहातावर घेतलं आणि डोळे मिटले. मागे बाटल्यांचं पाणी उकळत होतं.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून काम केलं. मी भरायची, ते काठ पुसायचे. "नखभर जागा," असं ते दर बाटलीला म्हणत, मलाच नव्हे, स्वतःलाही. झाकणं लावून बाटल्या पाण्यात उभ्या केल्या आणि दहा मिनिटं त्यांनी घड्याळावरची नजर काढली नाही. चिमट्यानं एकेक उचलून जाड सुती कापडावर मांडली. बारा.

मग ते जमिनीवर बसले. या वयात त्यांना खाली बसणं सोपं नाही. मीही बसले.

टक.

"एक," अप्पा म्हणाले.

अकरा झाले. बारावीची वाट पाहत आम्ही दुपारचा चहा तिथंच घेतला. ती काही वाजली नाही.

"हिला काय झालं?"

"काही नाही. ती घरची."

ते जरासे हसले. "तू लहानपणी खुश व्हायचीस." त्यांना हे माहीत होतं, हे मला माहीत नव्हतं.

कोनाड्यातल्या बाटलीचं नाव कुणीच काढलं नाही. स्वामींच्या ताटाचं अजून काही ठरलेलं नव्हतं आणि मी शनिवारी पहाटे उठून ती बाटली स्वतःच उचलायची, असं मनात पक्कं करून ठेवलं होतं. खोटं काय बोलायचं तेवढं सुचत नव्हतं. पण उठले तेव्हा अप्पांची पूजाही आटोपली होती आणि ते ओल्या केसांनी ओट्यापाशी उभे होते.

"झाला एक दिवस. बगू का आता?"

"बघा."

त्यांनी डावीकडून सुरुवात केली. एकेका झाकणाच्या मध्ये बोटाचं टोक टेकवून, कपाळाला गंध लावावं तसं. "हाय. हाय. हीबी हाय." पुढच्या चार बाटल्यांवरही बोट तसंच गेलं. मग त्यांचा आवाज थांबला. बोट आठव्या झाकणावर होतं. त्यांनी ते उचललं, पुन्हा पहिल्या बाटलीकडे गेले, तिथल्या खळीत टेकवलं आणि तसंच ठेवलं.

मी भाजीची जुडी निवडत होते. मान वर केली नाही.

"अनू."

"काय अप्पा?"

"मागच्या साली मी परत लावल्या तव्हा ही खळी नव्हती गं. सपाट होते झाकणं. मी मनलं, झाकण तसंच असंल."

जुडीतली माती माझ्या बोटांना लागली होती. मी ती ओढणीला पुसत राहिले.

"त्या दुपारी तिनं बोट फिरवलं होतं," ते म्हणाले. "हिथंच खुर्ची ओढून. एकेकीवरून, बाराच्या बारा. मी बगायलो होतो. मला वाटलं, मायेनं फिरवायलीय."

मी जुडी खाली ठेवली.

"मग वाटायचीच घाई लावली तिनं. मी मनलं, कामून एवढी गडबड? तर मनली, लोकायला ताजी ताजी जाऊ द्या, तुमच्या हातची आहे." त्यांनी खळीतलं बोट काढून घेतलं. "काहीच बोलली न्हाई बग."

"नाही."

"तुला म्हाईत होतं."

"परवा कळलं. वहीत आहे."

त्यांनी वही मागितली नाही. देवघरामागे गेले, बाटली घेऊन आले आणि नळापाशी झाकण फिरवलं. बसलेली बाटली पहिल्यांदा उघडताना श्वास घेतल्यासारखा आवाज करते. ही काहीच न बोलता उघडली. काठाशी, जेलीच्या नितळ पृष्ठावर, साबुदाण्याएवढा एक पांढरा ठिपका होता. मऊ, कापसासारखा. अप्पांनी बाटली उजेडाकडे फिरवली.

"द्या, मी करते."

"ऱ्हाऊ दे. माझं काम आहे हे."

त्यांनी परसात जामच्या झाडापाशी खुरप्यानं खड्डा केला. केवळाबाई कुंपणापलीकडून बघत होती. तिनं काय चाललंय ते विचारलं नाही, फक्त म्हणाली, "अप्पा, अजून ईतभर खोल घ्या. माज्या शेरड्या उकरतेत." अप्पांनी वीतभर खोल घेतलं. जेली एका तुकड्यात निसटून खाली पडली, जराशी थरथरली. त्यांनी माती लोटली आणि पायानं दाबली.

मग बाटली धुवायला घेतली. गरम पाणी, सोडा, आतून काथ्यानं घासणं, सगळं तिच्या पद्धतीनं. दुकानात चाळीस वर्षं भांडी हाताळलेले हात, पण त्या वेळी ते फार सावकाश चालत होते. नळाखाली त्यांनी बाटली वाकडी धरली होती आणि दुसऱ्या हाताचा तळवा चिठ्ठीवर झाकून ठेवला होता. पाणी त्यांच्या बोटांवरून, मनगटावरून, दुमडलेल्या बाहीत जात होतं.

ओट्यावर खळी पडलेल्या अकरा बाटल्या होत्या आणि एक घरची. त्यांच्या शेजारी, फडक्यावर, अप्पांनी ती रिकामी बाटली पालथी घातली. काचेवरून पाणी निथळत होतं. '१४ डिसेंबर' उलटं दिसत होतं. चिठ्ठी कोरडी होती.